टॅब उठत नाही तेव्हा

जव्हार-मोखाड्याच्या भागात आता टॅब नवा राहिलेला नाही. शाळेत आहे, नर्सबाईंच्या पिशवीत आहे, बचत गटाच्या पेटीत आहे. पोरेसोरे त्यावर बोटे फिरवतात आणि म्हातारी माणसे कौतुकाने पाहतात. पूर्वी दगडी पाटी होती. ती फुटली तर फुटलेली दिसे. ही नवी पाटी मात्र बाहेरून धडधाकट असते आणि आतून गप्प बसते. मग घरात घबराट होते. कोणी तिला थापट्या मारतो, कोणी उन्हात ठेवतो, कोणी बाजारात नेऊन दुकानदाराच्या हवाली करतो.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून पाच बाया आमच्याकडे आल्या. एकीच्या हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला टॅब होता.

"गुरुजी, हा उठत नाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मग हळूहळू सगळी हकिगत कळली. त्यांचा बारा जणींचा बचत गट. एका संस्थेने टॅब दिला होता आणि हिशोब त्यातच लिहायला शिकवले होते. २०२३ च्या श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या चार महिन्यांचा हिशोब त्यात होता. पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे तो हिशोब वर कोठे पाठवलेला नव्हता. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. गटाच्या सचिव ताईही गेल्या. टॅब सोबत नेला. चार दिवसांत त्याची बॅटरी संपली. भट्टीवर लाइट नाही. टॅब गाठोड्यात पडून राहिला तो थेट मे अखेर गावी आला.

आता गटात कुजबुज सुरू झाली होती. कोणाला किती कर्ज दिले, पेटीत किती असायला हवेत, कोणालाच नक्की सांगता येईना. "हिशोब डब्यात आहे," असे ताई म्हणत. "डबा तर मुद्दामच मेला," असे बाकीच्या म्हणत. ताई आमच्यापुढे बसल्या होत्या, पण एकदाही वर पाहत नव्हत्या.

बाजाराच्या गावी एका दुकानात त्यांनी टॅब दाखवला होता. दुकानदाराने तासभर चार्जिंगला लावला, काहीतरी इंग्रजी ओळी दिसल्या, आणि तो म्हणाला, "सगळं पुसावं लागेल. पाचशे रुपये." पाचही जणी उठून बाहेर आल्या. त्यांतली एक आम्हांला म्हणाली, "पुसलं तर पैसं कुणी खाल्लं ते कधीच नाय कळायचं."

आम्हांला हे बोलणे फार आवडले. आम्ही स्वतः एवढे शहाणे नव्हतो. २०१९ साली आमचा टॅब अडला तेव्हा आम्ही उतावीळपणे पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले आणि टॅब लख्ख कोरा केला. त्यात आम्ही वारली बोलीतले चारशेवर शब्द लिहून ठेवले होते. भात, पाऊस, माती, झाडे यांचे शब्द. ज्या आजीने ते सांगितले ती पुढच्याच वर्षी गेली. टॅब मात्र अजून छान चालतो.

तेव्हा आधी हे समजून घेऊ की टॅब सुरू होतो म्हणजे काय होते.

शाळा भरते कशी, ते आठवा. सकाळी आधी शिपाई येतो आणि कुलूप काढतो. मग मुख्याध्यापक येऊन सगळे जागच्या जागी आहे ना, ते पाहतात. मग शिक्षक येतात. घंटा होते, मुले येतात, प्रार्थना होते, आणि मग वर्ग सुरू होतात. टॅबचेही असेच आहे. बटण दाबले की आतल्या मुख्य चिपमधला एक अगदी छोटा, कायमचा कोरलेला कार्यक्रम जागा होतो. हा शिपाई. तो दुसऱ्या कार्यक्रमाला उठवतो. हा दुसरा मुख्याध्यापकासारखा असतो. पुढे येणारा कार्यक्रम खरा आहे की कोणी बदललेला आहे, हे तो तपासतो. तपासणी झाली की मुख्य कारभार सुरू होतो. बहुतेक टॅबमध्ये या कारभाराचे नाव अँड्रॉइड असते. तो गुगल कंपनीचा आहे. शेवटी आपण घातलेली अ‍ॅप्स येतात. ही मुले. आणि पडद्यावर चित्रांच्या रांगा दिसतात, म्हणजे वर्ग भरले.

आता टॅब अडला, तर गाडी कोठे अडली ते पाहायचे. पडदा पूर्ण काळा असेल, कंपनीचे नावसुद्धा येत नसेल, तर शिपाईच आला नाही. बहुतेक वेळा पोटात वीज नाही. कंपनीचे नाव येते आणि तेथेच तासभर राहते, तर शिपाई आला, मुख्याध्यापक आले, पण शिक्षक वाटेत अडकले. नाव येते, जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते, असे चालले असेल तर शाळा भरते आणि भांडण होऊन सुटते आणि पुन्हा घंटा होते, असा प्रकार. आणि चित्रे दिसतात पण दोन मिनिटांत टॅब बंद पडतो, तेव्हा एखादे उनाड पोर, म्हणजे एखादे अ‍ॅप, गोंधळ घालत असते. कधी बॅटरी जुनी होऊन दम धरत नाही, तेव्हाही असेच होते.

हे ओळखता आले की अर्धे काम झाले. ज्याला जुलाब होतात त्याला खोकल्याचे औषध देत नाहीत.

पहिली गोष्ट बॅटरीची

आमच्या अनुभवात दहांतले सात टॅब नुसते उपाशी असतात. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. तारा रानातून येतात, पावसात फांदी पडते, आणि मग पाडा दोन-दोन दिवस अंधारात राहतो. त्यातून वर्षातले सहा-सात महिने माणसे भट्टीवर. टॅब ट्रंकेत.

टॅबची बॅटरी लिथियमची असते. ती भरली की तिचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो उतरतो. ३.३ च्या आसपास आला की टॅब आपण होऊन बंद होतो, कारण त्याखाली गेले तर बॅटरीचे नुकसान होते. पण बंद पडलेल्या टॅबमध्येही बॅटरी थोडी थोडी झिजतच असते. महिने गेले की दाब ३ व्होल्टच्याही खाली जातो. अशा वेळी चार्जर लावला तरी टॅब एकदम पोटभर वीज घेत नाही. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला आपण एकदम भाकरी देत नाही. आधी नागलीची पेज देतो, तीही थोडी थोडी. टॅबच्या आतली व्यवस्था तेच करते. अगदी बारीक धारेने वीज घेते. या वेळात पडदा काळाच असतो. दिवा नाही, चित्र नाही, काही नाही. माणूस पाच मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "खलास."

खलास नाही. निदान दोन-तीन तास चार्जर लावून ठेवा आणि त्याला हात लावू नका. रात्रभर ठेवायला लागले तरी ठेवा, मात्र घरात कोणीतरी जवळ असावे आणि टॅब गोधडीखाली किंवा उशीखाली नसावा.

पण चार्जर कोणता? येथेच पुष्कळांची फसगत होते. हिशोब करून पाहू. एका टॅबची बॅटरी ६,००० एमएएचची आहे असे धरा. टॅबबरोबर आलेला चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा असतो. हे आकडे चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेले असतात, वाचून पाहा. तो तासाला २,००० देतो. म्हणजे ६,००० भरायला ३ तास, आणि मधली गळती धरून चार. आता जुन्या साध्या फोनचा चार्जर घ्या. तो अर्धा अँपिअर देतो. त्याला १२ तास लागतील, प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यात मुले टॅब चालू ठेवून चित्रे पाहत बसली, तर जेवढी वीज आत येते तेवढी पडदाच खातो. बॅटरी जागची हलत नाही. सौरकंदिलाला चार्जिंगची पिन असते, तिचेही असेच. ती फोनपुरती बरी. ढगाळ दिवसात तर धार मध्येच तुटते, आणि टॅबला पुन्हा पहिल्यापासून पेज प्यावी लागते. आमच्या बायांनी पाड्यावर सौरकंदिलावरच टॅब लावला होता.

वायरही पाहायला हवी. वायर बाहेरून चांगली दिसते आणि आतून तुटलेली असते. चार्जर आणि वायर दुसऱ्याच्या चालू फोनला लावून पाहावी. तो फोन भरू लागला तर दोष वायरीचा नाही. मग टॅबच्या पिनचे भोक उजेडात धरून पाहावे. त्यात धूळ, कोंडा, गोधडीचे तंतू जाऊन घट्ट बसतात आणि पिन पुरती आत जात नाही. टॅब बंद असताना बांबूच्या बारीक सुक्या काडीने हलकेच काढावे. सुई, टाचणी, तार घालू नये. आतल्या पितळी पट्ट्या वाकल्या की खर्च आला. तोंडाने फुंकूही नये, फुंकरीबरोबर ओल जाते.

बायांच्या टॅबच्या भोकातून चिमूटभर लाल माती निघाली. भट्टीची.

टॅब भिजला असेल तर मात्र चार्जर लावायचाच नाही. आधी बंद करावा, पुसावा, आणि वाऱ्यावर दिवस-दोन दिवस वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची एक पद्धत निघाली आहे. तिचा उपयोग नाही. तांदळाची पूड भोकात जाते, एवढेच. चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळवणे तर फारच वाईट. या बॅटरीला ४५ अंशांवरच्या उष्णतेत भरणे सोसत नाही.

आणि टॅबची पाठ फुगलेली दिसली, काच एका बाजूने उचललेली दिसली, तर तेथेच थांबावे. ती बॅटरी फुगली आहे. तिला दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. तिला आग लागू शकते. घराबाहेर, मुलांच्या हाताला न लागेल अशा कोरड्या जागी ठेवून जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नये.

दुसरी गोष्ट बटणांची

आम्ही टॅब आमच्या चार्जरला लावला. दोन तासांनी लाइट गेली. बाया म्हणाल्या, "येतो उद्या," आणि गेल्या. लाइट रात्री दहाला आली. सकाळी पाहतो तो पडद्यावर बॅटरीचे चित्र आणि त्यात आकडा, ३८. आमच्या घरच्यांनी चहा ठेवला. आम्हांलाही हुरूप आला.

बटण दाबले. कंपनीचे नाव आले. आणि नंतर काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळी. दुकानदाराने पाहिलेल्या त्याच या.

ही एक वेगळी खोली आहे. तिला रिकव्हरी म्हणतात. शाळेत जशी एक अडगळीची खोली असते आणि तिच्यात हातोडी, खिळे, जास्तीचे कुलूप असते, तशी ही टॅबची दुरुस्तीची खोली. तिच्यात जाण्यासाठी चालू-बंद करण्याचे बटण आणि आवाज वाढवण्याचे बटण एकदम दाबून धरावे लागते. काही टॅबमध्ये रीत थोडी निराळी असते. त्या खोलीत बोटाने काही निवडता येत नाही. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचे आणि चालू-बंद बटणाने होकार द्यायचा.

तेथे ओळी असतात. "रीबूट सिस्टिम नाऊ" म्हणजे नेहमीसारखा सुरू हो. हिच्यात धोका काही नाही. "वाइप कॅश पार्टिशन" म्हणजे तात्पुरते टिपण पुस. ही ओळ सगळ्या टॅबांत नसते, पण असेल तर तिने आपले फोटो किंवा हिशोब जात नाहीत. कारभार नवा करताना मध्येच अडला असेल तर कधी कधी एवढ्यानेच भागते. आणि "वाइप डेटा", तिच्यापुढे "फॅक्टरी रीसेट". ही ती ओळ. हिच्यावर होकार दिला की टॅब कारखान्यातून आला तसा कोरा होतो. फोटो, हिशोब, चिठ्ठ्या, सगळे जाते, आणि ते परत आणणे मग दुकानदारालाही जमत नाही. अक्षरओळख झालेल्या प्रत्येकाने हे "वाइप डेटा" शब्द ओळखायला शिकावे, असे आमचे मत आहे. आपण तुमच्याआमच्या सहीला जपतो, अंगठा कोठे उमटतो ते पाहतो. येथेही तसेच पाहावे.

कोरा केल्यावर दुसरे एक संकट असते. २०१५ पासूनच्या बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये चोरीवर उपाय म्हणून अशी योजना आहे की असा पुसलेला टॅब जुने गुगल खाते विचारतो. ते खाते आणि पासवर्ड माहीत नसेल तर टॅब पुढे जात नाही. बायांच्या टॅबचे खाते संस्थेच्या ज्या कार्यकर्त्याने काढले होते तो नोकरी सोडून गेला होता. म्हणजे पाचशे रुपये देऊन टॅब पुसला असता तर हिशोबही गेला असता आणि टॅबही. सरकारने किंवा संस्थेने दिलेला टॅब असेल तर त्यावर त्यांचे वेगळे कुलूपही असते. तेव्हा तो पुसण्याआधी त्यांना विचारावेच.

तर ओळी दिसत होत्या. आम्ही चष्मा पुसून नीट पाहिले. निवडीची खूण आपोआप वर सरकत होती. वर जाई, खालून पुन्हा येई, पुन्हा वर जाई. आम्ही तर कोठे हात लावला नव्हता. म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण कोणीतरी दाबून धरले आहे. पण कोण?

टॅबला जाड रबरी कव्हर होते. आमच्या नातीने ते ओढून काढले. बटणाच्या जागी, कव्हर आणि टॅब यांच्यामध्ये, वाळलेल्या चिखलाचा हरभऱ्याएवढा खडा बसला होता. विटेसारखा कडक झालेला. तोच सात महिने बटण दाबून होता. टॅबला वाटे, मालक मला दुरुस्तीच्या खोलीत बोलावतो आहे. म्हणून दर वेळी तो तेथेच जाई. आणि त्या खोलीत पडदा विझत नाही, त्यामुळे दुकानातून पाड्यावर जाईपर्यंत बॅटरी पुन्हा रिकामी.

बिघाड असा काही नव्हताच. म्हणून टॅब अडला की पहिल्यांदा कव्हर काढावे आणि सगळी बटणे दाबून पाहावीत. दाबल्यावर टक् असे परत वर येते ना, ते पाहावे. चालू-बंदचे बटणच कव्हराने दबलेले असेल तर टॅब सुरू होतो आणि पुन्हा बंद होतो, दिवसभर हाच खेळ.

बटणे मोकळी आहेत, पोट भरले आहे, तरी कंपनीच्या नावावरच टॅब थांबला, तर चालू-बंद बटण दहा ते तीस सेकंद दाबून धरावे. काही टॅबमध्ये त्याबरोबर आवाज कमी करण्याचे बटणही धरावे लागते. असे केले की टॅब जबरदस्तीने बंद होऊन नव्याने उठतो. याने आत लिहिलेले काही जात नाही. टॅबला कार्ड घातले असेल तर ते काढून पाहावे. खराब कार्डामुळेही टॅब वाटेत अडतो.

आणि उनाड अ‍ॅपचा संशय असेल तर सेफ मोड नावाची सोय आहे. बंद करण्याची जी ओळ पडद्यावर येते तिच्यावर बोट दाबून धरले की बऱ्याच टॅबमध्ये ती विचारली जाते. त्यात फक्त टॅबची स्वतःची अ‍ॅप्स येतात, आपण घातलेली बाहेर उभी राहतात. तसा टॅब नीट चालला तर नुकतेच घातलेले अ‍ॅप काढून टाकावे. टॅब गच्च भरलेला असेल, पाय ठेवायला जागा नसेल, तरीही तो उठताना अडतो. मग तेथूनच जुने चित्रपट काढावेत. चित्रपट कोणी घातले हे विचारू नये, कोणी कबूल होत नाही.

येथे एक जुनी आठवण सांगतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाश नावाचा स्वस्त टॅब निघाला. सात इंची पडदा, विद्यार्थ्यांसाठी. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ निघाला आणि त्याचे काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे होते. त्या वेळी आम्ही शिक्षक मंडळी म्हणत होतो की आता घरोघर पाटीऐवजी हा येणार. पहिल्या आकाशाची बॅटरी २,१०० एमएएचची, म्हणजे आजच्या साध्या फोनच्याही निम्म्याहून कमी. यंत्र देणाऱ्याने ते भरायचे कोठे आणि अडले तर दाखवायचे कोणाला, याचाही विचार करायला हवा असतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून पाड्यांवर शिक्षण नेले, तेव्हा साधने मुलांच्या आसपासचीच घेतली. शंखशिंपले, बिया, पाने. ती बंद पडत नसत. असो. टॅबला आम्ही नावे ठेवत नाही.

आता त्या दिवशीचे पुढचे. "रीबूट सिस्टिम नाऊ" या ओळीवर होकार दिला. कंपनीचे नाव आले. पाच मिनिटे गेली. सात गेली. बाया तोपर्यंत येऊन ओटीवर बसल्या होत्या. एक म्हणाली, "दाबा ना पुन्हा." आम्ही म्हटलं, "नाही. फार दिवसांनी उठतोय, वेळ घेणार." अशा वेळी मध्येच बटण दाबणे वाईट. दहाव्या मिनिटाला चित्रे दिसली आणि वर कुलपाची नऊ टिंबे आली.

ताईंनी बोट फिरवले. चुकले. पुन्हा चुकले. सात महिन्यांत नक्षी विसरली होती. पाच वेळा चुकले की टॅब थांबायला लावतो, आणि पुढे हा वेळ वाढत जातो. काही टॅब फार चुका झाल्या की स्वतःला पुसूनही टाकतात. आम्ही ताईंना थांबवले. त्यांची मुलगी पाचवीत आहे, ती सोबत आली होती. ती म्हणाली, "आये, तू चौकातला घोडा काढायचीस." वारली चित्रातल्या घोड्याच्या पाठीसारखी ती नक्षी होती. उघडले.

पडद्यावर तारीख होती १ जानेवारी १९७०. बायांना हसू आले. ताईंच्या आईचासुद्धा तेव्हा जन्म नव्हता. अशा यंत्रांची काळ मोजण्याची सुरुवात त्या दिवसापासून धरली आहे. बॅटरी तळापर्यंत गेली की आतले घड्याळ थांबते आणि यंत्र पहिल्या दिवसावर परत जाते. ही तारीख आधी बरोबर करावी. चुकीच्या तारखेमुळे रेंज असूनही अ‍ॅप्स वर जोडली जात नाहीत आणि माणूस पुन्हा समजतो की टॅब बिघडला.

मग हिशोब उघडला. आम्ही वाचला नाही. ताईंनीच वाचला, बोट ठेवून, मोठ्याने. बारा जणी, महिन्याला शंभर, चार महिने. जमा ४,८०० रुपये. कर्ज दोघींना दिलेले, एकीला १,००० आणि एकीला २,०००. शिल्लक १,८००.

ज्या बाईच्या नावावर दोन हजार निघाले ती तेथेच बसली होती. ती सगळीकडे एक हजार सांगत होती. ती गप्प झाली. मग म्हणाली, "दोन खेपा घेतलं. पोरगा दवाखान्यात होता तवा दुसरी खेप. माझ्या ध्यानातच नव्हतं." तिच्यावर कोणी ओरडले नाही. पेटी उघडून पैसे मोजले. १,७६० निघाले. चाळीस कमी. पुन्हा सगळ्यांच्या नजरा ताईंकडे गेल्या. तेव्हा दुसरीच एक बाई म्हणाली, "बँकेत गेलो होतो तवाचं जीपचं भाडं." ते लिहायचेच राहिले होते.

त्या दिवशी ताई टेकडीवर गेल्या आणि रेंज मिळाल्यावर हिशोब वर पाठवला. संस्थेला सांगून खाते गटाच्या नावावर करून घेतले आणि पासवर्ड दोघींकडे लिहून ठेवला.

टॅब महिनोन्महिने ठेवायचा असेल तर कसा ठेवावा, हेही त्यांना सांगितले. पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामा तर मुळीच ठेवू नये. निम्मा भरावा, बंद करावा, कव्हर काढून कोरड्या फडक्यात बांधावा, चुलीपासून लांब ठेवावा. दोन-अडीच महिन्यांनी कोणीतरी पुन्हा निम्मा भरावा. २०२४ च्या दिवाळीनंतर ताई पुन्हा भट्टीवर गेल्या, पण टॅब नेला नाही. पाड्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या सभासद बाईंकडे तो ठेवला. होळीच्या आधी त्यांच्या नातवाने तो आमच्याकडे आणून भरून नेला.

टॅबच्या फडक्यात आता एक चाळीस पानी वहीही असते. तिच्यातली पहिली नोंद अशी आहे : जीपभाडे, ४० रुपये.